सोलापूरच्या खाणीतल्या काळ्या दगडातून फूटभर लांबीचं दगडी पातं निघेल का? की त्यासाठी ऑब्सिडियनच मागवावा?

निघतं, फक्त फूटभराचा हट्ट सोडा. 15 ते 20 सेंटिमीटर लांब, सात-आठ सेंटिमीटर रुंद, पाठीला दोन-अडीच सेंटिमीटर जाड आणि एका अंगाला कोरी धार, असं पातं आपल्या बसाल्टमधून, म्हणजे याच काळ्या दगडातून, बिनधास्त निघतं. ऑब्सिडियनचं विचारलंत म्हणून मात्र जरा लांबण लावतो.

ऑब्सिडियन ही ज्वालामुखीची काच आहे. त्यात सिलिका सत्तर टक्क्यांच्या वर, आपल्या बसाल्टमध्ये पन्नासच्या आसपास. त्याची धार जास्त बारीक लागते हे मान्य, पण ती हाडावर आपटली की उडते. दख्खनच्या पठाराला नाक मुरडणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं की प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिरकीला 1960च्या दशकात पुरातत्त्वज्ञ गुडरून कोर्विनस यांनी उत्खनन केलं, तिथल्या अश्मयुगीन हातकुऱ्हाडी आणि फरश्या (रुंद, आडव्या धारेच्या कुऱ्हाडी) बसाल्टच्या आणि त्याच्याच जातीच्या डोलेराइटच्या आहेत. हवाईमध्ये मौना केआ पर्वतावर बारीक कणांच्या बसाल्टच्या वाकसांसाठी (लाकूड तासायच्या हत्यारांसाठी) मोठमोठ्या खाणी खणल्यात. इंडोनेशियातल्या पापुआमधल्या लांगडा गावचे कारागीर अगदी अलीकडेपर्यंत तसल्याच दगडाचे वाकस घडवत होते. उलट पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची ताम्रपाषाणयुगीन पाती बघा, ती कॅल्सेडनीची (अकीकाच्या जातीच्या दगडाची) आहेत आणि बोटाएवढी आहेत. आपल्याकडं लहान पातं हवं असेल तर कॅल्सेडनी, मोठं हवं असेल तर काळा दगड. हा हिशोब फार जुना आहे.

ओळखीतले एक गृहस्थ हे मानायलाच तयार नाहीत. "सोलापूरचा दगड खडीला आणि पाट्या-वरवंट्याला, हत्याराला नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तांब्याची टोपी बसवलेला दांडका, मऊ चामडं, सगळा सरंजाम व्हिडिओ बघून जमवलेला. शेवटी शहराबाहेरच्या एका खाणीवर मालकाला विचारून दोन दगड घेतले. एक त्यांनी निवडला, दुसरा खाणीवरच हयात घालवलेल्या वडार समाजातल्या एका मामांनी. पुढचं सगळं त्या दोन दगडांतल्या फरकाचं आहे, आणि तुमच्या कामाचंही तेच आहे.

गृहस्थांचा दगड दिसायला देखणा, चौकोनी, ताजा, निळसर काळा. सकाळच्याच सुरुंगातला. मामांनी सुतकीनं, म्हणजे दगड फोडायच्या हातोड्यानं, हलकेच ठोकला आणि म्हणाले, "ह्यो आतनं मेलाय." आवाज बद्द होता. सुरुंगाच्या भोकाजवळच्या दगडात डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा पसरलेल्या असतात, खडीसाठी त्या उपयोगीच असतात, पण पात्यासाठी तो दगड कामातून गेला. खात्री करायची तर बादलीभर पाणी ओता आणि उन्हात पाच मिनिटं थांबा. पृष्ठभाग वाळतो, चिरा मात्र ओल्या राहतात आणि काळ्या रेघा उठून दिसतात. त्या दगडावर तीन रेघा दिसल्या. तरीही गृहस्थांनी घण घातलाच. दगड त्याच तीन रेघांवर उकलला, आणि बाकीच्या तुकड्यांतून हाताएवढीही सलग कपची निघाली नाही.

मामांचा दगड पाचर ठोकून सोडवलेला. ओळीनं भोकं पाडायची, पाचरा बसवायच्या, एकेकीवर आळीपाळीनं घाव घालायचे. दगडाला धक्का बसत नाही, तो सावकाश सुटतो. ठोकला की खणखणीत वाजतो. हल्ली असा दगड मागून मिळतो, सहज मिळत नाही. तो नाहीच मिळाला तर सुरुंगाच्या तोंडापासून दूरचा, उभ्या नैसर्गिक भेगांनी सुटलेला ठोकळा बघा. नाल्यात उघडे पडलेले गोल धोंडेही चालतात, कारण कमकुवत साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी आधीच सुटून गेलेली असते आणि आत घट्ट गाभा उरतो.

पोत बघायचा तो ताज्या तुटलेल्या बाजूवर, तीही कोरडी असताना. भिंगातून पांढरे चकाकणारे कण मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे दिसले तर तो दगड सोडा, धार करवतीसारखी येईल. कण न दिसता मखमली, मंद पृष्ठभाग दिसला तर तो तुमचा. फुग्यांची भोकं, त्यात भरलेलं पांढरं झिओलाइट खनिज, हिरवे डाग, हे सगळं लाव्हाच्या प्रवाहाच्या माथ्याकडं जास्त असतं. मधला भाग घट्ट असतो, म्हणून खाणीच्या उभ्या भिंतीत मधल्या पट्ट्यातला दगड मागा. एक फुगा जरी वाटेत आला तरी भंगाची लाट, म्हणजे घावानं दगडात धावणारी चीर, तिथं अडखळते आणि पातं पायरी पडून अर्ध्यात तुटतं. खाणीत ज्याला नस म्हणतात ती बहुतेकदा थंड होताना पडलेली बारीक भेग किंवा ओळीनं बसलेले फुगे असतात. नशीला आडवं मारू नका, तिला धरून मारा.

आकाराचं म्हणाल तर मामांचा ठोकळा साधारण 40 बाय 30 बाय 25 सेंटिमीटर होता. घट्ट बसाल्ट घनफुटाला 80 किलोच्या आसपास भरतो, म्हणजे तो एकट्यानं उचलायचा नाही, दोघांनी पहारीनं लोटायचा. खाली वाळू आणि दुहेरी गोणपाट. नुसत्या खडकावर ठेवलात तर खालून उलटा धक्का बसतो आणि पातं कमरेत मोडतं.

वरची सपाट नैसर्गिक बाजू म्हणजे घाव घालायची बैठक. ती बैठक आणि पुढचा उभा चेहरा यांच्यातला कोन 75 ते 80 अंश हवा. 90 झाला की कपची सुटतच नाही, नुसता पांढरा चुरा पडतो. 60च्या खाली गेला की कड कोसळते. पुढचा चेहरा उभ्या दिशेनं किंचित पोट सुटलेला हवा. सपाट असेल तर भंगाची लाट मध्येच बाहेर वळते आणि पात्याचं टोक गोलसर, बोथट निघतं. पोट फार असेल तर लाट ठोकळ्याचा तळ घेऊनच बाहेर पडते.

पहिला घाव कोपऱ्यावर. कोपऱ्याची जी तिकोनी, जाड फोड निघते ती बाजूला टाका, तिचं पातं होत नाही. पण ती गेली की चेहऱ्यावर दोन उभ्या कडा उरतात, आणि खरं पातं या कडेच्या मागून निघतं, कारण लाट कडेला धरून खालपर्यंत धावते. दोन घावांच्या मध्ये बैठकीची कड खडबडीत दगडानं घासून थोडी बोथट करायची. हे नवख्यांना उलटं वाटतं, पण धारदार कडेवर हातोडा पडला की सगळा जोर तिथंच चुरा करण्यात जातो.

हातोडा हा सगळ्यात मोठा वादाचा मुद्दा. लोखंडी घण वापरू नका. त्याचा आघात फार कडक आणि क्षणाचा असतो, घावाखाली एकात एक चक्राकार भेगा पडतात आणि कपची उभी दोन फाके होऊन पडते. पुस्तकात क्वार्ट्झाइटचा (गारगोटीसारख्या टणक दगडाचा) गोटा लिहिलेला असतो, पण इकडं बसाल्टच्या मुलखात तो कुठून आणणार? भीमेच्या किंवा सीनेच्या पात्रातला घट्ट बसाल्टचा गुळगुळीत, अंडाकृती गोटा घ्या. मोठ्या पात्याला चार ते सहा किलोचा, दोन्ही हातांनी. मधल्या कामाला एक-दीड किलोचा, कड नीट करायला पाचशे ग्रॅमचा. कॅल्सेडनीचा गोटा हातोडा म्हणून नको, तो स्वतःच फुटून डोळ्यात उडतो. घाव कडेपासून दोन ते अडीच सेंटिमीटर आत, दिशा चेहऱ्याला समांतर खाली आणि किंचित बाहेर. जितकं आत माराल तितकं पातं जाड. वेगापेक्षा वजनावर भिस्त ठेवा, झटका दिलात तर पात्याचं टोक तुटतं.

मामांच्या ठोकळ्यातून दुसऱ्या कडेमागून 19 सेंटिमीटरचं पातं सुटलं. त्यावर गृहस्थ काय म्हणावेत? "आतून ग्राइंडरनं खाच मारून आणलेलं असणार." मग त्यांना पात्याची पोटाकडची, म्हणजे ठोकळ्यापासून सुटलेली, बाजू दाखवावी लागली. घावाच्या बिंदूखाली फुगवटा, त्यापासून खाली पसरत गेलेल्या अर्धगोल लाटा, घावाच्या जागी पांढरट चिरडलेला ठिपका. ग्राइंडरच्या चकतीनं समांतर ओरखडे पडतात, फुगवटा येत नाही. आणि ठोकळ्यावर तसाच खोलगट ठसा उरतो, पातं परत त्यात बसवून बघता येतं. बसवून दाखवलं. त्यावर ते म्हणाले, "ठीक आहे, पण सुरी कुठाय?"

तर सुरीबद्दल. पातं सुटल्याक्षणी त्याची नैसर्गिक धार सगळ्यात तीक्ष्ण असते. तिला हात लावू नका. घडवायची ती फक्त पाठ आणि मूठ, लहान गोट्यानं. फुगवटा जास्त जाड असेल तर तो पोटाच्या बाजूनं दोन-तीन कपच्या काढून उतरवा. दोन्ही अंगांनी पातळ करायचंच असेल तर बाभळीच्या गाभ्याचा, मनगटाएवढा जाड दांडका घ्या. तांब्याच्या दांडक्याची इथं गरज नाही, त्याचा पैसा वाया. सांबराचं शिंग बाळगणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा परदेशी व्हिडिओतलं ते साहित्य विसरा. आणि दगड भट्टीत तापवून घडवायला सोपा होतो हे कॅल्सेडनीचं ज्ञान आहे, खंबातचे अकीक कारागीर ते करतात. बसाल्ट तापवला तर काही सुधारत नाही, फक्त तडकतो.

फूटभर का नको, तेही सांगतो. लांबी वाढली की घावाची ऊर्जा वाढवावी लागते, त्याबरोबर पात्यातली थरथर वाढते आणि ते निसटता निसटताच मध्ये मोडतं. ते टाळायला जाडी वाढवलीत तर हातात पातं नाही, पहार येते. निर्दोष ठोकळा मिळाला तर फूटभराची कपची जरूर निघेल, पण तिची फरशी करा, सुरी नको.

एवढं झाल्यावर काही पथ्यं. चष्मा आणि एन-95 मास्क लावल्याशिवाय एकही घाव घालू नका. बसाल्टच्या धुळीत मुक्त सिलिका कमी असली तरी फुप्फुसाला धूळ ती धूळच, आणि कॅल्सेडनी फोडत असाल तर ती जवळजवळ निव्वळ सिलिका आहे. मोकळ्या हवेत, वाऱ्याकडं पाठ करून बसा. मांडीवर जाड चामडं, पायात बंद बूट. खाली ताडपत्री अंथरा आणि कपच्या गोळा करून खड्ड्यात पुरताना त्यात एखादं बाटलीचं बूच किंवा नाणं टाका, म्हणजे पुढं कुणा अभ्यासकाची फसगत होणार नाही. बनवलेल्या पात्यावर हिऱ्याच्या टोकानं बनवल्याचं वर्ष कोरा. नदीकाठी जुनी हत्यारं दिसली तर उचलू नका. खाणीतला दगड गौण खनिजात मोडतो, म्हणून मालकाला विचारूनच घ्या, रात्री जाऊन नव्हे.

दगड निवडण्यापूर्वी फोटो टाकायचा असेल तर ताज्या तुटलेल्या बाजूचा टाका, न भिजवता, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. बाहेरच्या तपकिरी सालीवरून निकाल देणारे भेटतील, ते गृहस्थही इथं वाचतात. त्यांनी तांब्याचा दांडका सुचवला तर विकत घेण्याआधी त्यांच्याकडूनच मागून घ्या, नवाकोरा पडून आहे.