चढ काढताना वजा सांभाळ

रेषेच्या चढाचं सूत्र (वायचा फरक भागिले एक्सचा फरक) तुला पाठ आहे, मार्क जातायत ते वजाबाकीत. (−२, ३) आणि (४, −१) घे. वर वायचा फरक: −१ − ३ = −४. खाली एक्सचा: ४ − (−२) = ६. चढ −२/३. कंस न घालता ४ − २ केलंस की उत्तर −२, आणि गेलं! कुठला बिंदू आधी घेतोस याने फरक पडत नाही, पण वर-खाली क्रम तोच ठेव.

मग नजरेने ताळा कर. ठाण्यात उपवनहून येऊरच्या डोंगरावर सायकल चढवताना दम लागतो, तो धन चढ. परतताना पेडल मारावंच लागत नाही, तो ऋण. अर्थात, आलेख डावीकडून उजवीकडेच वाचायचा. एक्स सारखे असतील तर रेषा उभी, तिचा चढ ठरवताच येत नाही. तिथे शून्य लिहू नकोस. शून्य आडव्या रेषेचा.