कोल्हापुरात केएमटीचा पास काढावा की गाडी घ्यावी?

प्रश्न विचारणाऱ्या मुलीनं लिहिलंय की शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला प्रवेश मिळालाय, खोली फुलेवाडीत बघून ठेवलीय, तर केएमटीचा, म्हणजे महापालिकेच्या बसचा, पास काढू की जुनी स्कूटी घेऊ. आणि शेवटी जोडलंय, ‘सगळे म्हणतात केएमटी रिकाम्याच पळतात, तोट्यात आहे, तिच्या भरवशावर राहू नको.’

पासाचं आणि स्कूटीचं पुढं सांगते. पण हे ‘रिकाम्या पळतात’ मी जवळजवळ तीस वर्षं घरातच ऐकतेय, सख्ख्या भावाच्या तोंडून. त्यामुळं आधी त्याचं उत्तर. तू माझ्या मुलीच्या वयाची असणार, म्हणून एकेरीत बोलते.

रिकामी असली तरी सुटते ती बस. माणसामागं भाडं घेणारी जी खासगी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तिला आमच्याकडं वडाप म्हणतात.

माझं माहेर पंचगंगेच्या पलीकडचं. गावाचं नाव लिहीत नाही, भावाला आवडणार नाही. आई माळवं विकायची. मेथी, कोथिंबीर, वांगी, दिवसाला जे निघेल ते दोन बुट्ट्यांत भरून पहाटेच्या पहिल्या केएमटीनं गंगावेशीत उतरायची आणि एक बुट्टी डोक्यावर, एक काखेत घेऊन कपिलतीर्थ मंडईत जाऊन बसायची. त्या बसला गावातल्या सात-आठ बायका रोजच्या. कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचा, बुट्ट्या मागच्या बाकाखाली सारायला लावायचा, भाजीचं पाणी गळलं की चार शब्द बोलायचा. पावसाळ्यात आठातल्या तीनच बायका आल्या तरी त्या तिघींना घेऊन बस सुटायची. आईकडं घड्याळ नव्हतं. बस वळल्याचा आवाज आला की ती मला अभ्यासाला उठवून घराबाहेर पडायची.

१९९५ साली आबांनी दादाला जीप घेऊन दिली. आईची बोरमाळ मोडली, उरलेलं पतपेढीचं कर्ज. दादा गाव ते गंगावेश वडाप करायला लागला. घरची गाडी झाली तरी आई माळवं बसनंच न्यायची, आणि ते दादाला फार लागायचं. पण दोन बुट्ट्या आत घेतल्या की एक शीट जाते, हे पहिल्याच आठवड्यात त्यानंच तिला सांगितलं होतं. आई त्यावर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून परत बसला जायला लागली, एवढंच.

मार्च १९९६. माझी बारावी, सायन्स. फिजिक्सचा पेपर अकरा वाजता, केंद्र शहरात. आदल्या रात्री दादा म्हणाला, “उद्या बसनं जायचं न्हाई. भावाची गाडी दारात असताना बहीण बसनं गेली तर गाव काय म्हणंल?” मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. साडेनऊला मी आणि वर्गातली मैत्रीण पुढच्या शिटावर बसलो. दादानं गाडी पाराजवळ लावली आणि खाली उतरून ओरडायला लागला, “गंगावेस, गंगावेस, रंकाळा!” पावणेदहाला गाडीत सात जण होते. दहाला नऊ झाले. “अजून दोन शिटा, दोनच.” वरच्या आळीतला एक जण येतो म्हणाला होता, तो काही येईना. मी दोनदा हाक मारली. दादा म्हणायचा, आलोच. माझ्या मांडीवर प्रवेशपत्र होतं आणि त्यावरची वेळ मी परत परत वाचत होते, जशी काय ती बदलणार होती.

तेवढ्यात केएमटी चावडीपाशी येऊन वळली. मी उतरले. दादानं दप्तर धरलं. “पाच मिन्टं थांब की गं.” मी हिसडा दिला आणि पळाले. पारावर बसलेल्या सगळ्यांनी बघितलं. बसमध्ये मी धरून चार माणसं होती. कंडक्टरनं तिकीट दिलं, डबल बेल मारली, बस सुटली. शिवाजी पुलाच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, गळीत हंगाम संपत आला की ती असतेच. त्यातनं वाट काढत मी अकराला दहा कमी असताना केंद्रावर पोचले. मैत्रीण जीपमध्येच थांबली होती. ती पेपर सुरू झाल्यावर दहा-बारा मिनिटांनी घामाघूम होऊन आत आली.

तिला फिजिक्सला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त पडले. दादा आजतागायत तेच सांगतो. “बघ, जीपमधली पोरगी पुढं गेली.”

दिवाळीपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. भाऊबीजेला पाटावर बसला, ओवाळून घेतलं, ताटात पैसे टाकले आणि उठून गेला. गावासमोर बहीण गाडीतनं उतरली, हा त्याचा राग. तो मला कळतो. त्या दिवशी नऊ माणसांत डिझेल आणि हप्ता निघत नव्हता, हेही मला नंतर कळलं. वडापचं गणितच तसं आहे, दादाच्या जागी दुसरा कुणी असता तरी थांबलाच असता. पण मग त्यानं केएमटीला रिकामी म्हणून हसू नये. त्या चार माणसांच्या फेरीत मी होते.

आता ‘तोट्यात आहे’ म्हणणाऱ्यांचं. केएमटी हा महापालिकेचा परिवहन उपक्रम आहे. तिकिटाच्या पैशात भागत नाही तेव्हा महापालिकेला तिजोरीतनं पैसे घालावे लागतात, हे खरं. पण डिझेलचा दर जून २०१७ पासून रोज बदलतो. तिकिटाचा दर बदलायचा तर प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते. विद्यार्थ्यांना पासात सवलत द्यायची, माणसं कमी असली तरी ठरलेली फेरी मारायची, आणि तिच्याच पुढं दोन मिनिटं वडाप सगळी माणसं उचलून नेणार. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये टप्पा वाहतूक आणि कंत्राटी वाहतूक असे दोन वेगळे परवाने आहेत. वाटेत थांबत थांबत, माणसामागं वेगळं भाडं घेऊन प्रवासी न्यायचे तर टप्पा वाहतुकीचा परवाना पाहिजे. वडाप करणाऱ्यांतल्या बहुतेकांकडं तो नसतो. दादाकडंही नव्हता. फायद्याच्या वेळा एकानं घ्यायच्या, पहाटेची आणि दुपारची रिकामी फेरी दुसऱ्यानं मारायची, आणि वर त्यालाच तोट्याचा म्हणायचं, हा कुठला न्याय? शिवाजी पुलावर रात्री दोन वाजता चिटपाखरू नसतं. पूल रिकामा आहे, पाडून टाका, असं मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही.

दुसरा एक वाद इथं आल्यावर तुझ्या कानावर पडेलच, हद्दवाढीचा. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली आणि शहराची हद्द पुढं दशकानुदशकं तेवढीच राहिली, ६६.८२ चौरस किलोमीटर. आजूबाजूची गावं शहरात यायला नको म्हणतात. मग शहरातले काही जण म्हणतात, गावांना हद्दवाढ नको ना, मग केएमटीही बंद करा. मी स्वतः आता शहरात घरफाळा भरते, तरी स्पष्ट सांगते, ही मागणी चुकीची आहे. सकाळी कपिलतीर्थात ताजी मेथी घेता ना? ती आणणारी बाई त्याच बसनं येते. घराघरांत भांडी-धुणं करणाऱ्या बायका, दुकानातली पोरं, सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढायला आलेली म्हातारी माणसं, सगळी पलीकडच्या गावांतनं येतात. ग्रामपंचायतीच्या ठरावाची शिक्षा बुट्टीवालीला कशाला? गावांनीही बस पाहिजे, पण शहराचा खर्च नको, असं कायम म्हणत राहू नये, हेही खरं.

सरकारलासुद्धा रिकाम्या बसचं गणित आता पटलंय असं दिसतं. २०२३ साली केंद्रानं प्रधानमंत्री ई-बस सेवा जाहीर केली, देशभरात १०,००० बस, त्यांतल्या १०० कोल्हापूरला मंजूर. त्यात केंद्राची मदत किलोमीटरवर आहे. बारा मीटरच्या बसला किलोमीटरमागं २४ रुपये, नऊ मीटरच्या बसला २२, सात मीटरच्या बसला २०. आत चार माणसं आहेत की चाळीस, हे त्यात बघत नाहीत. बस ठरलेलं अंतर पळाली पाहिजे. हे वाचलं तेव्हा मी कात्रण काढून दादाला दाखवलं होतं. तो म्हणाला, सरकारचा पैसा आहे, त्याला काय हुतंय.

आता तुझा प्रश्न. पास काढ, पण आधी एक आठवडा सुट्टं तिकीट काढून जा आणि तुझ्या थांब्यावर कुठली बस किती वाजता येते ते लिहून ठेव. फुलेवाडी आणि विद्यापीठ ही शहराची दोन टोकं आहेत. थेट बस तुझ्या वेळेला जुळली तर उत्तम, नाहीतर शिवाजी चौकात बदलायची तयारी ठेव. विद्यापीठाचा परिसर ८५३ एकरांचा आहे, गेटपासून तुझ्या विभागापर्यंत चालणं धरून निघ. पासाला बोनाफाईड, आधार आणि फोटो जवळ असू दे. खोलीचं पक्कं झालं नसेल तर राजारामपुरी, सायबर चौक ही बाजू बघ. भाडं थोडं जास्त पडेल, वेळ वाचेल.

आणि अर्ध्या तिकिटावरून कंडक्टरशी वाद घालू नकोस. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे ते एसटीला. एसटी महामंडळाची, केएमटी महापालिकेची. इथं आपल्याला काय सवलत मिळते ते पासाच्या खिडकीवर विचार. रोज कुणी ना कुणी त्या बिचाऱ्याशी यावरून भांडत असतं.

जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी बघत जा. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ ला पलीकडची गावं तुटलीच होती, तेव्हा ना बस ना वडाप. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते, त्या दिवशी आणि दसऱ्याला रस्ते वळवलेले असतात, तासभर आधी निघ. नवरात्रात केएमटीची दुर्गादर्शनाची खास बसही असते. नवीन आलीयेस तर एकदा तीत बसून नऊ देवी बघून घे, शहर कळेल.

स्कूटी नकोच, असं मी म्हणत नाही. लॅबमधून रात्री उशिरा सुटणार असशील तर शेवटच्या बसवर जीव टांगून ठेवू नकोस. माझ्याकडंही स्कूटी आहे. आणि वडापबद्दल एवढं बोलले, तर हेही लिहिलं पाहिजे की २००३ साली आबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा रात्री दीड वाजता त्यांना सीपीआरला नेलं ते दादाच्याच जीपनं, मागच्या शिटावर आडवं झोपवून. त्या वेळी कुठली बस असते? आबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. त्या जीपचं ऋण मी मानते, दादाला तोंडावर सांगितलंही आहे.

पण दादा, कुणी तुला हे वाचून दाखवलं तर ऐक. त्या दिवशी तुझ्या गाडीत माणसं नऊ होती, दहा नव्हती. तू दरवेळी दहा सांगतोस. मी मोजली होती.