फाल्कनेट: एक तोफ आणि पाच पाखरं

प्रश्न: शब्दकोशात 'फाल्कनेट'चे दोन अर्थ सापडले, छोटी तोफ आणि छोटा ससाणा. पक्ष्यावरून तोफेला नाव पडलं का?

ससाण्यावरून पडलं, पण या छोट्या ससाण्यावरून नाही. फाल्कन म्हणजे ससाणा, त्याला लघुत्वाचा प्रत्यय लागून फाल्कनेट. सोळाव्या शतकात युरोपात 'फाल्कन' नावाची हलकी तोफ होती, तिची धाकटी बहीण ती फाल्कनेट. तोफा ओतणाऱ्यांच्या नजरेसमोर होता तो शिकारीसाठी पाळलेला, हातमोज्यावर बसणारा ससाणा. आज आपण ज्यांना फाल्कनेट म्हणतो ती पाखरं आशियातल्या जंगलांत राहतात. इंग्रजीत त्यांच्यासाठी हा शब्द एकोणिसाव्या शतकात रुळला. म्हणजे तोफेचा अर्थ कितीतरी जुना. दोन्ही अर्थ एकाच आईची लेकरं आहेत, एकमेकांची नाहीत.

प्रश्न: ही तोफ नेमकी केवढी? किल्ल्याची भिंत पाडायची का?

भिंत पाडणं तिचं कामच नव्हतं. नळीची लांबी साधारण 1.2 मीटर, तोंडाचा व्यास 5 सेंटिमीटरच्या आसपास आणि गोळा जेमतेम अर्ध्या किलोचा. दगडी तटाला त्याने फार तर ओरखडा पडेल. तिचा उपयोग माणसांवर मारा करण्यासाठी. चाकांच्या हलक्या गाड्यावर चढवली की मोजकी माणसं तिला हवी तिथे ओढून नेत. जहाजांवरही ती असे आणि शत्रूच्या डेकवरच्या लोकांवर चाले. जड तोफा चिखलात रुतून बसायच्या त्या काळात पायदळाबरोबर पुढे सरकणारी तोफ मिळणं ही मोठी गोष्ट होती. तिला केवळ 'लहान तोफ' म्हणून बाजूला सारणारे हे विसरतात, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न: आणखी कुठल्या शस्त्रांना पक्ष्यांची नावं आहेत?

'सेकर' ही तोफ घ्या. सेकर हा मोठा, ताकदीचा ससाणा. त्याच्या नावाची तोफ फाल्कनेटपेक्षा बरीच जड, सव्वादोन-अडीच किलोचा गोळा फेकणारी. 'मस्केट' हे बंदुकीचं नाव तर सगळ्यांच्या ओळखीचं; पण इंग्रजी बाजदारांच्या बोलीत मस्केट म्हणजे युरोपातल्या चिमणमार ससाण्याचा नर. हा नर मादीपेक्षा बराच लहान असतो. शिकारी पक्ष्यांची उतरंड ज्यांना पाठ होती, त्यांनी शस्त्रांची प्रतवारी त्याच भाषेत लावली. सापांनाही यात वाटा मिळाला: 'कल्व्हरिन' या लांब नळीच्या तोफेचं नाव सापावरून आलं आहे.

प्रश्न: आपल्याकडची जंबुरक म्हणजे फाल्कनेटच का?

दोन्ही हलक्या, पण घडण वेगळी. जंबुरक उंटाच्या पाठीवरच्या खोगिरावर फिरत्या खुंट्यावर बसवत. पानिपतावर 1761 मध्ये अब्दालीच्या सैन्यात या होत्या. नावामागचा विचार मात्र जुळतो. फारसीत 'जंबूर' म्हणजे गांधीलमाशी. आकाराने लहान, पण डंख मारणारी!

प्रश्न: आता पक्ष्याबद्दल सांगा. खरंच चिमणीएवढा ससाणा असतो?

असतो, आणि मला या पाखरांचं फार अप्रूप आहे. मायक्रोहायरॅक्स या प्रजातीत पाच जाती आहेत. त्यांतला काळ्या मांड्यांचा फाल्कनेट जेमतेम 15 सेंटिमीटरचा, वजन 35 ग्रॅमच्या आसपास. जगातल्या सर्वांत लहान शिकारी पक्ष्यांत त्याची गणना होते. पण अवजारं पुरी ससाण्याची: आकडेदार चोच, तिच्या कडेला दातासारखं टोक, धारदार नख्या. उघड्या फांदीवर बसून टेहळणी करायची, चतुर, फुलपाखरू किंवा रातकिडा दिसला की झेप घ्यायची आणि बऱ्याचदा त्याच फांदीवर परतायचं. छोटे पक्षी, सरडेही खातात. घरटं स्वतः बांधत नाहीत. सुतार पक्ष्याने किंवा तांबटाने कोरून सोडलेली ढोली वापरतात.

शिकारी पक्षी म्हटलं की एकटा, दरारा असलेला जीव डोळ्यांपुढे येतो. हे मात्र फांदीवर अंगाला अंग लावून ओळीने बसतात आणि एकमेकांची पिसं साफ करतात.

प्रश्न: भारतात दिसतील का?

पाचांपैकी दोन जाती दिसतात. गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेला फाल्कनेट हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत, उत्तराखंडपासून पूर्वेकडे. दुसरा काळा-पांढरा, ईशान्य भारतात. मोकळ्या जागेलगतच्या उंच, वाळक्या फांद्यांचे शेंडे दुर्बिणीने नीट पाहा. चिमणी समजून नजर पुढे सरकवू नका.

प्रश्न: दक्षिण अमेरिकेतही फाल्कनेट आहे असं वाचलं. तो सहावा का?

नाही. अर्जेंटिना आणि आसपासच्या कोरड्या झुडपी रानांतला तो ठिपकेदार पंखांचा पक्षी ससाण्यांच्याच कुळातला, पण वेगळ्या प्रजातीचा. तो लहान दिसला म्हणून त्यालाही तेच नाव मिळालं. मराठीत लिहिताना मी आशियातल्या पाच जातींना 'पिटुकला ससाणा' म्हणेन आणि फाल्कनेट हा शब्द तोफेसाठी राखून ठेवेन.