लंगोटांचा वास जात नाही

प्रश्न : माझ्या आठ महिन्यांच्या बाळाचे सुती लंगोट वाळल्यावर स्वच्छ वाटतात, पण ओले होताच डोळ्यांना झोंबणारा वास येतो. घरी बोअरचे पाणी आहे. काय करावे?

उत्तर : हा वास अमोनियाचा आहे. लघवीतील युरियापासून जिवाणू तो तयार करतात, आणि बोअरच्या जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्यात वडीच्या साबणाचा चिकट साका धाग्यांत अडकून राहिल्याने त्यांना तिथे आसराच मिळतो. म्हणून वडीऐवजी डिटर्जंट पावडर पुरेशा प्रमाणात वापरावी. रात्रीचे लंगोट सकाळी लगेच गार पाण्यात खळबळून, मग सुमारे 60 अंश सेल्सिअस गरम पाण्यात धुवावेत आणि फेस पूर्ण जाईपर्यंत पाण्यातून काढावेत. कपडे मऊ करणारे कंडिशनर कटाक्षाने टाळावे. त्याच्या थराने कापड ओल शोषेनासे होते. लंगोट शक्यतो कडक उन्हातच वाळत घालावेत. बाळाची त्वचा लाल झाली असल्यास मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.