डबलला नाही म्हटलं तर काढून टाकतील का?

डबल म्हणजे एका शिफ्टला लागून दुसरी शिफ्ट. हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे सरळ कधी येत नाही. आधी येते ती बायकोची तक्रार. हे घरात बोलत नाहीत, पोरांवर खेकसतात, हल्ली पिणंही वाढलंय. नाशिकच्या सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत कामाला जाणारं माणूस घरात असेल, तर मी आता पहिल्यांदा एवढंच विचारते की शिफ्ट कोणती आणि महिन्यात डबल किती पडतात. निम्म्या वेळा पुढचं सगळं तिथेच उलगडतं.

एका जोडप्याचं सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. पाथर्डी फाट्याकडे वन बीएचके, त्याचा हप्ता, मुलगी पाचवीत. नवरा अंबडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागात, पण ठेकेदाराकडून. बाई पहिल्यांदा एकटीच आल्या. नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे, अशी त्यांची जवळजवळ खात्री होती. "घरी आले की मोबाइल पालथा ठेवतात आणि झोपतात. हाक मारली तर अंगावर येतात, मॅडम."

पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन आल्या. गृहस्थ खुर्चीत बसले आणि बायको बोलत असतानाच त्यांची मान खाली गेली. आदल्या दिवशी फर्स्ट, म्हणजे सकाळची शिफ्ट केली होती. सेकंडचा माणूस आला नाही, सुपरवायझर म्हणाले थांब, म्हणून थांबले. रात्री बारानंतर घरी आणि सकाळी पुन्हा फर्स्ट. मोबाइल पालथा का, तर ठेकेदाराचा फोन आलेला दिसू नये म्हणून!

अशा माणसाला ताणतणावाचं व्यवस्थापन शिकवणं मला पटत नाही. चार तास झोपणाऱ्याला प्राणायाम सांगणं म्हणजे गळक्या टाकीला रंग देणं. आमच्या क्षेत्रात हे सर्रास चालतं, म्हणून मुद्दाम लिहिते. आधी तास मोजायचे, स्वभावाचं नंतर बघू.

पण तास मोजायचे कशावरून? पंचिंगचा हिशेब ठेकेदाराकडे. नवऱ्याला, त्यांना मी भाऊ म्हणते, स्वतःला आठवेना, "असतील पाच-सहा" म्हणाले. तेव्हा बाईंनी पिशवीतून कालनिर्णयचं पान काढलं. दुधाचा हिशेब मांडायला आणलं होतं की काय कोण जाणे. दुधाच्या लिटर-अर्ध्या लिटरच्या शेजारी काही तारखांना निळ्या पेनाने लिहिलेलं, 'डबा २'. डबल लागली की शेजारचा सेकंडला जाणारा मुलगा दुसरा डबा घेऊन जायचा, त्याची ती नोंद. मोजले तर महिन्यात आठ.

मग पगाराची स्लिप पाहिली. ओव्हरटाइम असा रकानाच नाही. 'इन्सेंटिव्ह' म्हणून ४,८०० रुपये. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६००. महिन्याचे २६ दिवस, रोजचे आठ तास, म्हणजे २०८ तास. तासाला ७५ रुपये पडले. आठ डबलचे जादा तास ६४, गुणिले ७५, बरोबर ४,८००. म्हणजे ठेकेदार ओव्हरटाइम देत होता, पण एकपट.

कायदा इथे अगदी साधा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात जादा कामाला दुप्पट दर होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही तो दुप्पटच आहे. नाव इन्सेंटिव्ह ठेवलं म्हणून दर बदलत नाही. भाऊंना तासाला १५० मिळायला हवे होते, महिन्याला ९,६००.

खोलीतली हवा खरी बदलली ती पुढच्या ओळीने. तोवर भाऊंचं म्हणणं एकच होतं, "डबल सोडली तर हप्ता कुठून भरू?" आणि ते खोटं नव्हतं. मी कागदावर उलटा हिशेब मांडला. दर बरोबर मिळाला, तर ४,८०० रुपयांना आठ नव्हे, चारच डबल लागतात. ते बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिले. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "म्हणजे चार फुकटच मारल्या की."

बाकीचं त्यांना थोडक्यात सांगितलं. आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्यात एक सुट्टी. (ही रविवारची सुट्टीसुद्धा कुणी हौसेने दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी लढून ती १८९० मध्ये मिळवली.) ओव्हरटाइमला तिमाहीची मर्यादाही असते. महाराष्ट्रात ती ११५ तास होती, सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने १४४ तासांना मंजुरी दिली. भाऊंचे तिमाहीचे होत होते १९२. सतत चालू ठेवाव्या लागणाऱ्या प्रक्रियांना कायद्यात काही सवलती आहेत, पण प्रेस शॉपमध्ये माणूस कमी ठेवून आठवड्याला दोन डबल काढणं त्यात बसवणं कठीण. आणि ज्या आठवड्यात दोन डबल, त्यात कामाचे ६४ तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासात आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त दिसला होता. भाऊंच्या वडिलांना पक्षाघातच झाला होता, त्यामुळे हे वेगळं समजवावं लागलं नाही.

आता मूळ प्रश्न. नाही म्हटलं तर काढतील का? नव्या संहितेप्रमाणे ओव्हरटाइमला कामगाराची संमती लागते, हे खरं. पण ठेकेदाराच्या माणसाला कुणी पत्र देऊन काढत नाही, दुसऱ्या दिवशी गेटवर पास चालत नाही एवढंच. ही भीती मनाचा खेळ आहे असं मी कुणाला सांगत नाही. म्हणून गेटवर रागात, एकट्याने नाही म्हणायचं नाही. लेखी म्हणायचं, आणि नुसतं नाही म्हणायचं नाही. भाऊंनी आमच्यासमोर बसून सुपरवायझरला व्हॉट्सॲप लिहिला. तीनदा खोडला. शेवटी गेला तो असा: "सर, उद्या फर्स्ट आहे, आज सेकंडला थांबता येणार नाही. आठवड्यात एक डबल करीन, आदल्या दिवशी सांगा म्हणजे डब्याचं बघता येईल."

दराचा विषय त्यांनी एकट्याने काढला नाही. त्याच ठेकेदाराकडचे आणखी काही जण स्लिपा घेऊन मूळ कंपनीच्या एचआरकडे गेले. ठेकेदाराने पगार बुडवला किंवा कमी दिला तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, आणि हे एचआरला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तिथे काही झालं नसतं तर पुढची पायरी उप कामगार आयुक्तांचं कार्यालय, तासांच्या तक्रारीसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. जाताना स्लिपा, पासची झेरॉक्स आणि तारखांची नोंद हवी. बायकोच्या हातची कॅलेंडरवरची असली तरी चालते, काहीच नसण्यापेक्षा फार बरी.

घरातलं काम त्या मानाने लवकर झालं. शिफ्टवरून आल्यावर पहिला तास पैशाचा, शाळेचा विषय नाही. भांडायचं असेल तर रविवारी नाश्त्यानंतर. बाई यावर हसल्या, पण त्यांनी ते पाळलं. पिणं पूर्ण सुटलेलं नाही. डबलच्या रात्री अजून होतं, आणि त्यावर आमचं वेगळं काम चालू आहे.

दोन महिन्यांनी स्लिपवर ओव्हरटाइमचा रकाना आला, दुप्पट दराने. डबल आठवड्याला एकावर आली, क्वचित दोन. मागच्या थकबाकीवर मात्र घरात एकमत नाही. बाई म्हणतात आत्ताच अर्ज द्या. भाऊ म्हणतात दिवाळीचा बोनस हातात पडू दे, मग बघू. मी त्यात पडले नाही. वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते एवढं सांगितलं, आणि कॅलेंडरची जुनी पानं रद्दीत देऊ नका म्हटलं.