सर्वांत जास्त अँटिऑक्सिडंट कुठल्या फळात?

आहाराच्या समुपदेशनाला येणारे बरेच जण याच प्रश्नाने सुरुवात करतात. अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींना होणारी इजा रोखणारी द्रव्यं. उत्तर म्हणून त्यांना एका फळाचं नाव हवं असतं. मनात मात्र वेगळंच घोळत असतं: मला काही होणार तर नाही ना?

पन्नाशीतले एक गृहस्थ असेच आले. वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेले आणि यांचीही रोज आठ-दहा सिगारेटी चालू. सकाळी पाच फळांचा गाळलेला रस आणि बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटची गोळी. हातातल्या वहीत फळांची क्रमवारी होती, ब्लूबेरी सर्वांत वर आणि केळं तळाला.

“हे आकडे कसले?”

“ओरॅकचे, म्हणजे अँटिऑक्सिडंट शक्तीचे. ज्याचा आकडा जास्त, ते फळ चांगलं.”

“ते परीक्षानळीतलं मोजमाप आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाने ओरॅकची यादी २०१२ मध्ये स्वतःच काढून टाकली, कारण त्या आकड्यांवरून शरीरात काय घडतं ते कळत नाही. फळांतली पॉलिफेनॉल्स, म्हणजे वनस्पतींतली एक प्रकारची अँटिऑक्सिडंट्स, रक्तात थोडीच उतरतात. उरलेली मोठ्या आतड्यातले जिवाणू फोडतात, आणि ते प्रत्येकाचे वेगळे.”

“म्हणजे फळं खाऊन उपयोग नाही?”

“आहे. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात कमी दिसतात. पण ते श्रेय तंतू, पोटॅशियम, क जीवनसत्त्व अशा सगळ्यांचं मिळून. गोळीत त्यातलं एकच येतं.”

मग मी गोळीचा विषय काढला. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९ हजार पुरुषांवर मोठी चाचणी झाली. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा गोळी न घेणाऱ्यांपेक्षा हा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला.

ते बराच वेळ गप्प बसले. मीही ती शांतता मोडली नाही. अशा वेळी सल्ला दिला की माणूस सल्ल्याशी वाद घालत बसतो आणि स्वतःशी बोलायचं राहून जातं. शेवटी तेच म्हणाले, “म्हणजे मी सिगारेटची भरपाई करत होतो.”

हे वाक्य माझ्या तोंडून आलं असतं तर तो आरोप झाला असता. त्यांच्या तोंडून आलं, म्हणून पुढचं काम सोपं झालं. सवयीशी झगडण्याआधी ती सवय कुठली भीती झाकते हे पाहावं, असं मी मानते. इथे त्याचा पुन्हा प्रत्यय आला. गोळी त्याच दिवशी बंद झाली आणि सिगारेट सोडवणाऱ्या डॉक्टरांची वेळ त्यांनी स्वतःच घेतली.

रोजची फळं आम्ही अशी ठरवली. जागतिक आरोग्य संघटना भाज्या-फळं मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम सांगते. त्यात दोन मध्यम फळं सहज बसतात. रंग बदलत ठेवायचे. रस नाही, कारण गाळताना तंतू जातात आणि पाच फळांची साखर दोन मिनिटांत पोटात जाते. सफरचंद सालीसकट, कारण त्यातलं क्वेर्सेटिन हे पॉलिफेनॉल मुख्यतः सालीत असतं. कापलेलं फळ लगेच संपवायचं. हवा आणि उष्णतेने क जीवनसत्त्व घटतं. आंबा, पपई यांतली कॅरोटिनॉइड्स (बीटा-कॅरोटीनसारखी रंगद्रव्यं) शोषायला थोडा स्निग्धांश लागतो, म्हणून ती जेवणासोबत.

धूम्रपान करणाऱ्याला क जीवनसत्त्व रोज सुमारे ३५ मिलिग्रॅम जास्त लागतं. त्यासाठीही गोळी नको, १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर मिळतं. ते जेवणासोबत घेतलं तर धान्य-भाज्यांतलं लोहही चांगलं शोषलं जातं.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे फळांचं प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्यावं, आणि कमरख (स्टारफ्रूट) टाळावंच. कोलेस्टेरॉलवरच्या काही स्टॅटिन गोळ्या चालू असतील तर ग्रेपफ्रूट खाण्याआधी विचारून घ्यावं. त्याने औषधाची रक्तातली पातळी वाढते.