तुमचे प्रश्न : पार्किंग फुल, डोकं गरम

प्रश्न : नमस्कार ताई, साडेतीनशे माणसांच्या ऑफिसात ॲडमिन बघतो. पार्किंग दीडशे गाड्यांचं. साडेनऊ वाजले की रोज भांडणं, परवा तर एकाने दुसऱ्याच्या गाडीमागे गाडी लावली आणि सरळ मीटिंगमध्ये जाऊन बसला, फोन सायलेंट. साहेब म्हणतात शेजारचा प्लॉट भाड्याने घ्या. मी म्हटलं गाड्याच कमी येतील असं काही बघू, म्हणून 'नो कार डे' केला, टी-शर्ट वाटले, फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवशी पार्किंग परत फुल. आमचं चुकलं कुठे?
– वैतागलेला ॲडमिनवाला

उत्तर : चुकलं असं काही नाही हो, फक्त एक दिवस तुम्ही गाडी न आणायचं टी-शर्ट दिलंत आणि बाकी सगळे दिवस गाडी आणायचे पैसे देताय. खरंच देताय. एक गाडी उभी करायला, तिच्या येण्याजाण्याची वाट धरून, पंचवीस ते तीस चौरस मीटर जागा जाते, तुमच्याकडे एका माणसाच्या टेबलखुर्चीला तरी एवढी मिळते का? त्या जागेचं भाडं, लाइट, सिक्युरिटी सगळं कंपनी भरते आणि गाडीवाल्याला ते फुकट पडतं. बसने येणाऱ्याला काय मिळतं तर गळ्यात अडकवायचं आयकार्ड, जे गाडीवाल्यालाही मिळतंच.

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डॉनल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते, २०२५ मध्ये गेले, पार्किंग या एकाच विषयाचा त्यांनी वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. कॅलिफोर्नियात १९९२ साली एक कायदा झाला, तिथे त्याला पार्किंग कॅश-आउट म्हणतात. कंपनी जर भाड्याने घेतलेलं पार्किंग स्टाफला फुकट देत असेल तर ज्याला ते नकोय त्याला तेवढेच पैसे हातात द्यायचे, बस्स. शूप यांनी हे करणाऱ्या आठ कंपन्यांचे आकडे तपासून १९९७ मध्ये छापले: एकटे गाडी चालवत येणारे १७ टक्क्यांनी घटले, एका गाडीत मिळून येणारे ६४ टक्क्यांनी वाढले, बस-ट्रेनवाले ५० टक्क्यांनी. मला यातलं आवडतं ते हे की कुणाचं काही काढून घेतलं नाही, पार्किंग हवं त्याला ते होतंच, त्यामुळे बोंबाबोंबही झाली नाही. तर त्या शेजारच्या प्लॉटच्या भाड्याला तिथे मावणाऱ्या गाड्यांनी भागा आणि तो आकडा साहेबांपुढे ठेवा. गाडी सोडणाऱ्याला त्याच्या निम्मे दिले तरी त्या एका गाडीमागे कंपनी फायद्यात राहते.

फक्त ते महिन्याच्या हिशोबाने करू नका, ही चूक भलेभले करतात. महिनाभर गाडी सोड म्हटलं की कुणीच सोडत नाही, आणि पार्किंगचा मंथली पास एकदा काढला की माणूस तो वसूल करायला रोज गाडी काढतो, पाऊस असो नसो. रोजच्या रोज ठेवा, आज गाडी आणली नाही तर आजचे पैसे जमा. आठवड्यात दोन दिवस जरी निम्म्या लोकांनी गाडी घरी ठेवली तरी तुमचं भांडण मिटतं, सगळ्यांनी रोज सोडायची गरजच नाहीये.

आता दुसरी गोष्ट, जी सर्व्हेत कुणी लिहीत नाही. लोक गाडी रोजच्या प्रवासासाठी आणत नाहीत, वर्षातल्या त्या दोन दिवसांसाठी आणतात जेव्हा शाळेतून फोन येतो की मुलीला ताप आलाय, किंवा साडेसहाला बॉस म्हणतो जरा थांब. त्यासाठी घरी पोचवण्याची हमी ठेवतात: गाडी न आणता आलेल्या माणसावर अशी वेळ आली तर टॅक्सी कंपनीच्या खर्चाने. अकाउंट्सवाले घाबरतात की बिलं किती येतील, पण लोक ती क्वचितच वापरतात, त्यांना फक्त ती आहे हे माहीत असावं लागतं. आणि ती खरी असावी लागते. मी एकेकाळी जिथे नोकरी करत होते तिथे ही सोय कागदावर होती, फॉर्मवर तीन सह्या लागायच्या. आमच्या टीममधली एकजण एका संध्याकाळी तो फॉर्म घेऊन मजल्यामजल्यावर फिरली, दोन सह्या मिळाल्या, तिसरे साहेब घरी गेलेले (स्वतःच्या गाडीने), आणि तोवर तिची शेवटची बस गेली. दोन महिन्यांत तिने हप्त्यावर कार घेतली, तिला काय बोलणार?

जाता जाता, तुमच्या साहेबांची ती गेटजवळची नावाची पाटी लावलेली जागा. ती तशीच ठेवून लोकांना बसचे फायदे सांगायला जाऊ नका, हसतील. आणि बस नऊ-पाचला पोचत असेल तर नऊची मीटिंग सव्वानऊला करा, याला बजेट लागत नाही.

प्रश्न : मी रोज सात किलोमीटर सायकलने येते. कंपनीने गाजावाजा करून शॉवर बांधला. आज त्यात जुने मॉनिटर आणि बॅनरची भेंडोळी ठेवलीत, चावी हाउसकीपिंगच्या सुपरवायझरकडे आणि ते येतात दहाला. मी वॉशरूममध्ये ओल्या टिश्यूने तोंड पुसून मीटिंगला बसते. कुणाला सांगू?
– घामाघूम

उत्तर : वरच्या ॲडमिनवाल्यांना सांगा, ते वाचतायत! शॉवर बांधणारा माणूस कधी सायकलने आलेला नसतो ही खरी गोची आहे. त्याला शॉवर दिसतो, पण कोरडे कपडे टांगायचा हुक दिसत नाही, ओला टॉवेल दिवसभर कुठे वाळवायचा हे दिसत नाही, लॉकर दिसत नाही. लेखी मागा आणि नेमकं मागा: चावी सकाळी आठपासून सिक्युरिटीकडे, दाराच्या आत चार हुक, टॉवेलला हवा लागेल असा एक दांडा.

स्टँडचंही बघा. पुढचं चाक खोबणीत घालायचा तो लोखंडी स्टँड असेल तर तो बदलायला लावा, त्यात कुलूप नुसतं चाकाला लागतं, चोर चाक तिथेच ठेवून बाकी सायकल घेऊन जातो, आणि कुणाचा धक्का लागला तर रिम वाकते ते वेगळंच. जमिनीत रोवलेला उलट्या यूसारखा साधा पाइप हवा, फ्रेम आणि चाक दोन्ही बांधता येतं. कारच्या एका जागेत आठ-दहा सायकली आरामात बसतात. जागा दारापाशी हवी, मागच्या जनरेटरजवळ नको.

प्रश्न : आमचा प्लांट तीन शिफ्टमध्ये चालतो, रात्री बस नाही. आम्ही काय करायचं?

उत्तर : रात्रपाळीवाल्यांना गाडी सोडा म्हणू नका, आधी कंपनीची बस किंवा व्हॅन द्या. दिवसाच्या शिफ्टचं मात्र बसचं टाइमटेबल शेजारी ठेवून बघा, पुष्कळदा शिफ्ट दोनला सुटते आणि बस एक-पंचावन्नला गेलेली असते, दहा मिनिटं इकडेतिकडे केली की काम होतं. एकाच शिफ्टचे, एकाच बाजूला राहणारे लोक शोधून त्यांचं कारपूल जुळवा आणि तीन माणसं घेऊन येणाऱ्या गाडीला गेटजवळची जागा राखून द्या. शिफ्ट बदलताना ती माणसं एकत्रच बदला, हे मात्र सुपरवायझरला बजावून ठेवा, नाहीतर पूल पंधरा दिवसांत फुटतो.

प्रश्न : मी ऑफिसला कशाने येतो यात कंपनीने नाक का खुपसावं? मला दोन मुलांना दोन शाळांत सोडावं लागतं.
– चिडलेला

उत्तर : तुम्ही गाडी आणा. मनापासून सांगतेय. दोन शाळा, आजारी आईवडील, दुखरा पाय, अशा लोकांसाठीच जागा मोकळी व्हायला हवी. पण कंपनीने नाक खुपसू नये हे पटत नाही, कारण नाक आधीच आत आहे, तुमच्या गाडीची जागा तीच भरतेय. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमने तर २०१२ पासून अकरा किंवा जास्त पार्किंगच्या जागा असलेल्या मालकांवर दर जागेमागे वार्षिक कर लावलाय आणि तो पैसा ट्रामला घातला. शिवाय कंपन्या आता कार्बनचा जो हिशोब देतात त्यात स्टाफचं येणंजाणं हा वेगळा रकाना असतो, त्यामुळे विचारणा तर होणारच. तुमच्याकडे सर्व्हेचा फॉर्म आला की 'दोन शाळा' असं स्पष्ट लिहा, आणि मुलांना सुट्टी असते त्या दिवसांत काय करता तेही लिहा.